सावलीत वाळवलेलं

जळगाव, १८ मे १९९१

कौतिक,

आशीर्वाद लिहू की शिव्या देऊ हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. अडीच वर्षांत तुला सात पत्रं टाकली. उत्तर एकाचंही नाही. तिकडे हिमाचलात, लाहौलात पोस्टमन नसतो की तिथल्या थंडीत शाई गोठते, ते तरी कळव.

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. पिंपळनेरला जाऊन आले. मी चाळिशीला टेकलेली बाई, माझा कसला झोका! पण मायनं दारच्या निंबाला दोर बांधून घेतला होता. म्हणाली, लेक आली आणि झोका नाही, असं कसं. खापरावर मांडे करायला बसली आणि दोनच झाले. मग भिंतीला टेकून बसली, घाम पुसत राहिली. तिला जेवण जात नाही. विचारलं की म्हणते गॅस झाला. चोळी खांद्यावरून ओघळते इतकी वाळली आहे.

इकडे पारा पंचेचाळीसच्या वर. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. तुला आठवतं का, चौथीत निबंधात तू लिहिलं होतंस, ‘काल पाऊस उना.’ गुरुजी म्हणाले, अरे, पाऊस की ऊन, एक काय ते ठरव! तू रडत घरी आलास. मायला काही केल्या कळेना की चुकलं काय. तिच्या बोलीत पाऊस ‘उना’ म्हणजे पाऊस आला. ती गुरुजींनाच अडाणी म्हणाली होती. आता मीही त्या गुरुजींसारखीच झाले आहे. वीस वर्षं जळगावात काढली, तर मायचं बोलणं मला कधी कधी दोनदा विचारावं लागतं.

तुझे वेल जिवंत आहेत. माय रोज सकाळी दोन हंडे घालते. गावात कोणाला हॉप्स म्हणता येत नाही, बिअर कडू करायला हे फूल लागतं म्हटलं तर बाया हसतात. सगळे ‘कौतिकना येल’ म्हणतात. पानं कडेनं जळाली आहेत, पण मुळं मेलेली नाहीत.

कौतिक, झालं ते झालं. त्या साली तू पंधरा दिवस नाशिकला गेलास आणि मायनं ती फुलं घराच्या छतावर, धाब्यावर उन्हात घातली. त्यातला कडूपणा गेला, बिअरच्या कंपनीनं नाकारलं, तुझी तीन वर्षं मातीत गेली. सगळं मान्य. पण जन्मभर मिरच्या, कुरडया नि बिबडे उन्हात वाळवणारी बाई ती. तिला काय ठाऊक की जगात सावलीत वाळवायची पण वस्तू असते? मोठ्या मनानं सोडून दे आणि एकदा येऊन जा.

तुझी अक्का


जळगाव, २ जुलै १९९१

कौतिक,

कार्ड मिळालं. दोन ओळी. ‘मी येणार नाही. उन्हात घातलेलं परत हिरवं होत नाही.’ वा रे वा, मोठा शहाणा झालास. सातव्या इयत्तेपर्यंत चड्डीची नाडी मी बांधून देत होते.

मायला ते कार्ड वाचून दाखवलं. म्हणजे कार्ड हातात धरलं आणि तोंडानं वेगळं म्हटलं. ‘इकडे बर्फ आहे, वितळलं की येतो.’ तिनं विचारलं, बर्फ कधी वितळतं. मी म्हटलं, श्रावणात. आता रोज झुलाल नानांना विचारते, श्रावण कधी लागतो. नाना आपले चुलत काका, त्यांना खरं माहीत आहे, पण ते बिचारे बोटं मोजून सांगतात.

आता नीट वाच. मागच्या सोमवारी तिला धुळ्याला नेलं होतं. पोटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ आहे आणि कापण्यात अर्थ नाही. म्हणाले, दिवाळी बघतील बहुतेक. मी म्हटलं, आणि मग? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. म्हणजे तुझ्या हातात चार महिने आहेत. तिला मी गाठीचं सांगितलेलं नाही.

जळगावला माझ्याकडे चल म्हटलं, तर येत नाही. वेलांना पाणी कोण घालेल, म्हणते. तुझे दाजीही समजावून आले. ते वरणगावला फॅक्टरीत जातात, आठवड्यातली एक सुटी, ती तिच्या पायाशी बसून घालवली. उपयोग शून्य. तुझा हट्ट कुठून आला ते त्यांना त्या दिवशी कळलं.

शहाऐंशी सालची ती सकाळ मी विसरत नाही. लाहौलहून ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून आणलीस. ओट्यावर बसून म्हणालास, “अक्का, आपली पिंपळनेरची हवा डोंगराची आहे. फुलांत अल्फा ॲसिड पाच टक्के निघालं तर इथंच राहतो, मायजवळ. नाही निघालं तर परत जातो, मग मला अडवायचं नाही.” कडूपणा त्या ॲसिडचा, हे मी तुझ्याकडूनच शिकले. भाद्रपदात नमुना माझ्या तेल गिरणीच्या लॅबमध्ये दिलास. ५.२ निघालं. पुढच्या साली ४.९. तू घराला नवीन दार बसवलंस. आणि तिसऱ्या साली माल थेट कंपनीकडे गेला, तर त्यांच्याकडून १.३ आलं. तू मला विचारलंस, असं कसं झालं. मी म्हणाले, माय.

पुढं तू तिला जे बोललास ते मी पुन्हा लिहीत नाही. तिनं उलट एक शब्द काढला नाही, एवढं ध्यानात ठेव.

ये, बाबा. भांडायला ये हवं तर.

अक्का


पिंपळनेर, २१ ऑगस्ट १९९१

कौतिक,

सोबत राखी आहे. बांधायला तिथं कोणी नसेल तर खिशात ठेव.

श्रावण लागला. माय आता काही विचारत नाही. दारासमोर खाट टाकून घेतली आहे आणि बस थांबण्याच्या वेळेला उशीला टेकून बसते. तू बसवलेलं दार दिवसभर उघडं. कुत्री-कोंबड्या आत येतात, तरी लावू देत नाही.

काल तुझे वेल नीट बघितले. तू वीस फुटांचे बांबू रोवलेस, वेल माझ्या छातीएवढे. तिथंच थांबलेत आणि फुलायला लागलेत. तुझंच बोलणं आठवलं. लाहौलात उन्हाळ्यात संध्याकाळी कितीतरी वेळ उजेड असतो, वेलाला वाढायला सवड मिळते, आणि रात्री गोधडी लागते म्हणून फुलात कडू धरतं. इथं दिवस आखूड. वेलाला वाटतं मोसम संपला, तो लहानपणीच फुलून मोकळा होतो. आणि आपल्या रात्री तर तुला माहीतच आहेत, पाऊस असला तरी उकडतं. एक फूल चुरगाळून बघितलं. आत ती पिवळी भुकटी असते ना, ती अगदी नावाला. मला वाटतं ही गोष्ट हवेचीच आहे. माणसानं कितीही पाणी घातलं तरी दिवस लांब होत नाही.

म्हणून एक लिहायचं आहे. पहिल्या दोन सालांचे जे आकडे मी दिले, ते कदाचित थोडे चढे असतील. आमचं मीटर तेव्हा बरोबर चालत नव्हतं. सरकीच्या तेलाचे नमुनेही चुकायचे. त्यामुळे सगळा दोष वाळवण्याचाच असेल असं नाही. मायचाच असेल असं नाही. एवढं मनात धर आणि ये.

झुलाल नाना म्हणाले, पत्रात माझा राम राम लिही, आणि लिही की आई परत मिळत नाही. मी म्हटलं, हे त्याला माहीत असतं तर पत्र कशाला लागलं असतं.

अक्का


जळगाव, १० ऑक्टोबर १९९१

कौतिक,

मागच्या महिन्यात ‘मदर सिरियस’ अशी तार केली होती. मिळाली असणार. तू आला नाहीस.

गेल्या आठवड्यात झुलाल नाना लॅबच्या दारात उभे. हातात पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी. पिंपळनेरहून साक्री, धुळे, पारोळा करत तीन गाड्या बदलून आले, सत्तरीचा माणूस. मायनं पाठवलं होतं. तिनं भाद्रपदात वेलांवरची सगळी फुलं एकटीनं तोडली. उभं राहवत नाही, तर पाटावर बसून तोडली. मागच्या खोलीत खिडकीला गोधडी लावून अंधार केला, खाटेवर लुगडं पसरलं आणि वाळवली. रोज हातानं उलटायची. नाना म्हणाले, उन्हाचा एक किरण आत येऊ दिला नाही, मला दार उघडलं म्हणून ओरडली. निरोप असा: “आते सावलीमा वाळाडेल शे. परत मोज. पाच उनं ते कौतिकले कळाड.”

पाच आलं तर कौतिकला कळव. म्हणजे तिला कधीपासून तुझी अट माहीत होती! मला वाटायचं तिला आकड्यातलं काही कळत नाही.

मी मोजलं. साहेब जेवायला गेले तेव्हा काढा केला, थेंब थेंब लेड ॲसिटेट सोडत बसले. तीनदा केलं. १.२, १.२, १.१.

रविवारी पिंपळनेरला गेले. ती उशीला टेकून बसली होती. मला खरं सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं रे. १.२ म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की सावलीत घालूनही तेवढंच येतं, तिचा काही दोष नव्हता. पण तिनं असं तोंडाकडे बघितलं. मी म्हणाले, “पाच आलं, माय.”

ती हसली. मग जरा वेळानं तिचं तोंड उतरलं. म्हणाली, “मंग त्या साले मीच उनमा टाकं व्हतं. मनी मतच मारी गयी व्हती.”

पुढं आज लिहवत नाही.

अक्का


जळगाव, २० ऑक्टोबर १९९१

कौतिक,

हे पत्र रजिस्टर करते आहे. तारेत मावलं नसतं, आणि खरं सांगायचं तर तारबाबू ओळखीचा आहे, त्याच्यासमोर हे लिहायची मला लाज वाटली. लाजेपायी दहा दिवस आणखी गेले.

मीटर कधीच बिघडलेलं नव्हतं. शहाऐंशीला तुझ्या फुलांत १.४ निघालं होतं. मी ५.२ लिहिलं. ४.२ लिहिलं असतं तरी तू गेला असतास, म्हणून पाचच्या वर लिहिलं. पुढच्या साली १.३ होतं, मी ४.९ लिहिलं; तुझी अट आधीच पुरी झाली होती, जरा कमी लिहिलं म्हणजे खरं वाटावं. कच्ची वही माझ्याकडे आहे, जाळलेली नाही.

का, ते विचारशील. मायसाठी, असं मी स्वतःला पाच वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. तू गेला असतास तर माय माझ्या गळ्यात पडली असती. दोन खोल्यांचं घर, सासू अंथरुणाला खिळलेली, नोकरी, दोन पोरी. दर पंधरा दिवसांनी जळगाव-पिंपळनेर मला झेपलं नसतं. तू मायजवळ राहावंस म्हणजे मी मोकळी. माझ्या मोकळेपणासाठी तुला तीन वर्षं त्या डोंगराच्या उताराला बांधून ठेवलं. लाहौलातल्या हॉप्सच्या मळ्यावरची तुझी बढती दुसऱ्याला गेली, तेही मला माहीत होतं.

आणि कंपनीचा १.३ आला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता पकडले गेले. समोर माय शेंगा फोडत बसली होती. तोंडात आलं ते बोलले. तू तिच्याकडे वळलास. ती म्हणाली, मी तर घरातच पसरवलं होतं. तुला ऐकू गेलं नाही, तू ओरडत होतास. मी ऐकलं. मी तिला म्हणाले, “माय, तुझ्या ध्यानात नाही, तू धाब्यावर घातलं होतंस.” तिनं माझ्याकडे बघितलं. शिकलेली लेक, लॅबमध्ये काम करणारी. माझ्यावर विश्वास ठेवला आणि गप्प बसली. तीन वर्षांत ती हळूहळू स्वतःच मानायला लागली की तिनंच घातलं. आणि परवाच्या माझ्या ‘पाच’नं तिची खात्रीच पटली.

तिनं काही केलं नाही, कौतिक. फुलं सावलीतच होती. हवा इथली, रात्री इथल्या, दिवस आखूड इथले. ती फुलं मुळात कडू होणारच नव्हती. खोटं फक्त मी होते.

माझं तोंड बघू नकोस. मी घरात नसेन अशा दिवशी ये. फक्त तिला सांग की तुला माहीत आहे.

लता


पिंपळनेर, २४ नोव्हेंबर १९९१

कौतिक,

पोस्टात चौकशी केली. यंदा बर्फ लवकर पडलं, घाट दिवाळीतच बंद झाला. माझं रजिस्टर मनालीत कुठंतरी थैलीत पडून आहे. जूनशिवाय वर जाणार नाही. म्हणजे हे पत्रही त्याच थैलीत जाईल आणि दोन्ही तुला एकाच दिवशी मिळतील. जाड आहे ते आधी उघड.

माय गेली. १४ तारखेला. तार केली होती, ती बिनतारीनं पोचली असेल. तीत नुसतं एवढंच होतं. तेव्हा तू मायवरचा राग मनात ठेवूनच ती वाचली असशील. जूनपर्यंत तो तसाच राहील.

भाऊबीजेला मी तिला सगळं सांगितलं. वही घेऊन गेले होते. पान उघडून तिच्यासमोर धरलं, तिला वाचता येत नाही तरी धरलं. पाच नाही, माय, एक आणि काही. आधीही एकच होतं. मी खोटं लिहिलं, तू काही केलं नाहीस. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तू माले बरं वाटाले सांगस. ऱ्हाऊ दे, बेटा.” मी शपथ घेतली, पोरींची घेतली. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं खोटं बोलले ते तिनं पटकन मानलं होतं.

आधी नंतरचं लिहिते, आधीचं लिहायला जरा धीर लागतो. अग्नी झुलाल नानांनी दिला. माणसं परतली, तेव्हा दारात निंबाचा डहाळा ठेवला होता. प्रत्येकानं एकेक पान तोडून चावलं, तोंड कडू केलं. मी मागच्या खोलीत गेले. खिडकीला तिची गोधडी अजून तशीच होती. खाटेखाली तुझी दोन-चार फुलं सांडलेली होती. त्यातलं एक तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावलं. वाळलेल्या गवताची चव. मग बाहेर येऊन निंबाचं पान घेतलं.

आता ते. १४ तारीख, दुपारचे तीन. ती दोन दिवस बोलली नव्हती. नाना उंबऱ्याशी बसले होते, मी तिच्या पायाशी. दारातून ऊन आत आलं होतं, तिच्या अंथरुणावर पडलं होतं. तिनं डोळे उघडले. दाराकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, “उना का?”

माझ्या डोक्यात तीन वर्षं ऊन सोडून दुसरं काही नाही. मला वाटलं, अजून तिला तेच खातंय. मी म्हणाले, “नाही माय, ऊन नाही. बघ, सावलीच आहे.” आणि उठून दार लावून घेतलं. घरात अंधार झाला. मी परत येऊन बसले, तिचा हात हातात घेतला, सावलीच आहे, सावलीच आहे, म्हणत राहिले.

 मग अंधारातून नाना हळूच म्हणाले, “लता, ऊन नही म्हने ती. कौतिक उना का, म्हने.”

मी धावत जाऊन दार उघडलं. ती दाराकडेच बघत होती. नाना उठले आणि त्यांनी तिचे डोळे मिटले.

लता